सरांच्या कापलेल्या क्लिप

मार्करच्या शाईचा वास आला की लातूरच्या त्या कोचिंग क्लासमधली एडिटिंगची खोली आठवते. फिजिक्सच्या सरांचे तास रेकॉर्ड व्हायचे आणि त्यांतलं खोकणं, पाणी पिणं, फोन घेणं असं सगळं कट करून उरलेले तुकडे मी टाइमलाइनवर जोडायचे. परीक्षा तोंडावर आलेली असताना सर हार्ट अटॅकनं गेले. पुढं त्यांच्या पत्नी अहमदपूरच्या माहेराहून त्यांचं सामान न्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना सरांचा एक तास कॉम्प्युटरवर लावून दिला. थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या, "पोरी, हे शिकवणं पोरांसाठी हाय. तू कापलेलं काही हाय का?" कापलेल्या क्लिप कॉम्प्युटरवर तशाच पडून होत्या, मी त्या एकामागं एक लावत गेले. सर खोकले, घोटभर पाणी प्याले, डस्टर सापडेना म्हणून स्वतःशीच हसले. मग एका क्लिपमध्ये त्यांनी खिशातून फोन काढला. "जेवलीस का? मला उशीर हुईल, वाट बघू नको." बाई स्क्रीनकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हाव, जेवले." मला पुढची क्लिप लावायचं धाडस झालं नाही. आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. हाताखालच्या मुली विचारतात, "मॅडम, कापलेलं डिलीट करू का?" मी म्हणते, "राहू दे."