सगळ्या वर्गाचा एकच आजोबा

थांबा, आधी हे ऐका, कारण हे आत्ताच्या आत्ता नाही सांगितलं तर मी फुटेन. तासाभरापूर्वी उरण नाक्याजवळ रिक्षाची वाट बघत होते, तर समोर कोण? आमच्या शाळेच्या इंग्लिश डिपार्टमेंटच्या हेड मॅडम. शेजारच्या बाईंना माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ही माझी स्टुडंट. आता कॉलेजात इंग्लिश लिटरेचर करते. मी घडवलं हिला." मी घडवलं!! मी हसून नमस्कार केला, रिक्षात बसले आणि टाईप करायला सुरुवात केली. तर ऐका मला कसं घडवलं ते.

नववीत पहिल्याच दिवशी इंग्लिशच्या वहीत एक छापील कागद चिकटवायला लागायचा. डिपार्टमेंटची पॉलिसी. कॉरिडॉरमध्ये मराठी बोलायचं नाही. निळं पेन सोडून दुसरं चालणार नाही. उशिरा दिलेली वही घेतली जाणार नाही. आणि सगळ्यात ठळक अक्षरात: निबंध स्वतःच्या शब्दांत हवा. कॉपी सापडली तर शून्य, आणि वर्षभर डिपार्टमेंटच्या कुठल्याच कार्यक्रमात भाग नाही. खाली पालकांची सही.

छान ना? पण मॅडमची पद्धत काय होती माहितीये? निबंध त्या स्वतः फळ्यावर लिहायच्या. आम्ही उतरवून घ्यायचा, पाठ करायचा आणि टेस्टमध्ये तसाच ओकायचा. यालाच 'स्वतःच्या शब्दांत' म्हणायचे. मलासुद्धा त्यात काही विचित्र वाटायचं नाही, खरं सांगते.

मग विषय आला, माझे आजोबा. मॅडमच्या आजोबांना पांढरीशुभ्र मिशी, ते रिटायर्ड हेडमास्तर, पहाटे उठून गुलाबांना पाणी घालणार, संध्याकाळी नातवंडांना शिस्तीचं महत्त्व सांगणार. आणि माझे आजोबा घरी लुंगीवर बसून जाळं शिवतात! मला तो हेडमास्तर पाठच होईना. म्हणून मी माझाच लिहिला. माझे आजोबा महान वगैरे नाहीत, ते रमीत चोरी करतात आणि पकडले गेले की वाऱ्यावर ढकलतात, वाऱ्याने पान उलटलं म्हणतात. घराचं दार बंद असलं तरी. आधी मराठीत त्यांना वाचून दाखवला. ते खोकला येईपर्यंत हसले.

वही परत आली. लाल पेनाने, पानभर तिरकं: COPIED. शून्य.

मला त्या वर्षी गॅदरिंगचं इंग्लिश अँकरिंग करायचं होतं. पाचवीपासून तेवढं एकच हवं होतं मला, आरशासमोर कंगवा धरून प्रॅक्टिस करायचे. शून्य म्हणजे तेही गेलं.

आईला बोलावलं. आई मार्केटमध्ये मच्छी विकते, पाटी बहिणीवर सोपवून धावत आली. मॅडमनी खुर्ची सरकवली, पण स्वतःची, मागे. म्हणाल्या, "तुमच्या घरी इंग्लिश कोण बोलतं?"

"कोन नाय, मॅडम."

"मग ही भाषा हिची कशी असेल? सही करा."

आईने सही केली. जिना उतरताना मला एवढंच म्हणाली, "तू लिवलंस ना? मग बास." पण मला बास नव्हतं. मला मॅडम हव्या होत्या. त्या खुर्चीसकट.

आणि देव कसा असतो बघा! ओपन डेच्या चार दिवस आधी मॅडमनी मलाच बोलावलं, कारण वर्गात कटिंग-पेस्टिंग माझं चांगलं. 'एक्सलंट' शेऱ्यांच्या निबंधांचा गठ्ठा हातात दिला. "बोर्ड नीट सजव. कार्यक्रमात नाही तर नाही, निदान कामाला तरी ये."

येते ना मॅडम. येतेच.

मी प्रत्येकाकडून त्याच्या आजोबांचा फोटो मागवला. एक टकले, एक फेटेवाले, एक मिलिटरीतले, एक लांब दाढीवाले. प्रत्येक फोटोखाली त्या त्या नातवंडाचा निबंध. सगळ्यांत तोच हेडमास्तर, तीच मिशी, तेच गुलाब. वर मोठ्या सोनेरी अक्षरांत पॉलिसीची ओळ, स्वतःच्या शब्दांत. आणि शेवटी माझे आजोबा, हातात पत्ते, खाली माझा निबंध, लाल COPIED सकट.

ओपन डेच्या सकाळी, मॅडम यायच्या आत, बोर्ड लावून टाकला. मग पालक आले. नवीन पनवेलच्या एक मम्मी आधी फोटो काढत होत्या, मग तिसऱ्या निबंधाशी थांबल्या. तेवढ्यात फोटोतले टकले आजोबा स्वतःच चष्मा पुसत पुढे आले.

"अगं, मी एसटीत कंडक्टर होतो. हेडमास्तर कधी झालो?"

"आबा, श्शू! दहापैकी नऊ मिळालेत."

दाढीवाल्या आजोबांनी नातवाचा कान धरला. "बेटा, ये मूँछ किसकी है?"

लोक हसायला लागले. हसण्याच्या आवाजाने प्रिन्सिपल सर आले. एक वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याला मान वर करून सोनेरी ओळ वाचली. मग माझ्या निबंधापाशी आले. "मॅडम, हा कुठून कॉपी केलाय?"

मॅडम म्हणाल्या, "सर, म्हणजे, लँग्वेज बघा ना..."

आणि गर्दीतून माझी आई, अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशी, मराठीत! "सर, ह्ये आमचे सासरे हायत. पत्त्यांत चोरतात ते. पोरीनं काय चोरला नाय."

मॅडमचा चेहरा! मी आजही वाईट मूडमध्ये असले की तो आठवते.

शून्य खोडलं गेलं, सात झाले. सॉरी कुणी म्हणालं नाही. सरांनी सांगितल्यामुळे अँकरिंग मिळालं, पण मॅडमनी स्क्रिप्ट टाईप करून हातात दिलं. "वर्ड टू वर्ड. एक शब्द इकडचा तिकडे नको."

मी हो म्हटलं. गॅदरिंगला स्टेजवर गेले, माईक धरला आणि त्या कागदातला एकही शब्द बोलले नाही. सगळं माझं. लोकांना हसवलं, नाचणाऱ्या पोरांची खेचली, पहिल्या रांगेत आजोबा शिट्टी मारत होते. आणि मॅडम विंगेत उभ्या राहून, कागदावर बोट फिरवत, मी नक्की कुठल्या ओळीवर आहे ते शोधत होत्या. कार्यक्रम संपेपर्यंत. वाईट वाटलं का मला? अजिबात नाही. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा करेन, आणि अजून हळूहळू करेन, म्हणजे त्यांना कागदावर जास्त वेळ बोट फिरवायला लागेल.

आता तुम्ही सांगा. तुमचं स्वतःचं काही, तुमच्याच घरातलं, तुम्हीच लिहिलेलं, कुणी 'हे तुझं असूच शकत नाही' म्हणून परत केलंय का कधी? आणि मग तुम्ही त्यांचं काय केलंत?