दादानं आधी उतरून बघितलेलं पाणी

पाणी शांत होतं, म्हणून माझा भाऊ गेला.

लाटांनी नेला असता तर निदान लाटांना शिव्या घातल्या असत्या.

आज वर्ष झालं.

ज्यांना दादा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केडगावात त्याचं टूरचं छोटं ऑफिस होतं. पारनेर, पाथर्डीकडची शेतकरी माणसं तो फिरायला न्यायचा. आधी नुसतं देवदेव, मग हळूहळू थेट अंदमान.

"देव कुठं पळून जातोय व्हय? गुडघं चालत्यात तवर समुद्र बघून घ्या!" असं म्हणून म्हाताऱ्यांना विमानात बसवायचा. आणि बसायच्याही त्या!

खारफुटीतून होडी, काचेच्या तळाची बोट, रंगीत मासे, जंगलातली पायवाट, संध्याकाळी बेटावरच्या लोकांचा नाच. सगळा प्रोग्राम तोंडपाठ.

पण पाण्याच्या बाबतीत त्याचा एक नियम होता, आणि तो आमच्या विहिरीचा होता.

आमच्याकडे नव्या पाण्यात आधी घरातला पट्टीचा पोहणारा उतरतो. तळ बघतो, गाळ बघतो. मग वर हाक मारतो, "या रे!" त्याआधी कुणी पाय घालायचा नाही.

आमच्या वस्तीवर हा मान दादाचा. अख्ख्या वस्तीला त्यानंच पोहायला शिकवलं, पाठीला डबा बांधून. मला शिकवलं. नवी नवरी म्हणून आलेल्या वहिनींनासुद्धा शिकवलं. आई काठावरून ओरडत होती, "आरं मुडद्या, सून हाय ती आपली!"

त्याचं म्हणणं एकच. "खळबळतंय तिथं जायचं न्हाई. निवांत पाणी आपलं."

विहिरीत ते खरंच होतं हो.

अंदमानच्या त्या शेवटच्या ट्रिपला मी आणि वहिनी दोघीही होतो. त्या दिवशी सकाळपासूनच काहीतरी नीट नव्हतं.

बोट कॅन्सल झाली. वारा आहे, समुद्र खराब आहे, म्हणाले. मासे बघायचे राहिले. बायकांची तोंडं उतरली, आणि बायकांची तोंडं उतरलेली दादाला कधीच बघवायची नाहीत.

मग गाडी करून एका किनाऱ्यावर गेलो. पांढरी वाळू, हिरवं पाणी. आणि एक माणूस नाही.

पाथर्डीची एक आजी म्हणाली, "एवढी झ्याक जागा, अन् हितं कोनीच कसं न्हाई रं बापू?"

"आपल्यासाठी मोकळी ठिवलीय, आजी."

सगळे हसले. मीही हसले.

वाळूत एक लाल झेंडा रोवलेला होता. आजीला वाटलं देवाचं निशाण. तिनं कनवटीची पुडी काढून त्याला हळदकुंकू वाहिलं, खाली नारळ ठेवला, हात जोडले.

मी दादाला म्हटलं, "अरे, हा उतरू नका म्हणून लावलाय ना?"

"लाटांसाठी लावलाय तो. आपन लाटांत जानारच न्हाई."

त्यानं बोट दाखवलं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, आणि मधे एक पट्टा होता. फेस नाही, आवाज नाही. अगदी आमच्या विहिरीसारखं गप्प पाणी.

"तुमी थांबा. आधी मी बघतो."

उतरला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. वळून हात वर केला आणि ओरडला, "या गं! लई निवांत हाय!"

वहिनींनी पदर खोचला.

आम्ही निघणार तेवढ्यात दिसलं, दादा लांब गेलाय. हात मारत नव्हता, तरी जात होता.

आम्हाला वाटलं मजा करतोय. विहिरीतही बुडी मारून असाच घाबरवायचा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजही त्या टाळ्या आठवल्या की अंगावर काटा येतो.

मग तो आमच्याकडे वळला आणि पोहू लागला. सरळ काठाकडे, जीव तोडून. विहिरीत दमलं की माणूस काठ गाठतो, तसा.

काठ जवळ येईना.

लाटांनी आत आणलेलं पाणी बाहेर जायला वाट शोधतं, आणि ती वाट वरून शांत दिसते, हे मला नंतर कळलं. त्या ओढीशी सरळ भांडायचं नसतं. आडवं पोहून बाहेर पडायचं असतं. आम्हा विहिरीच्या माणसांना हे कोण सांगणार?

वहिनी धावल्या. कमरेपर्यंत पाण्यात गेल्या. मी मागून त्यांची वेणी धरली, मग कंबर धरली आणि वाळूवर पाडलं. त्या मला चावल्या. मी सोडलं नाही.

लांबच्या चौकीवरून लाईफगार्ड पळत आला तोवर पाणी पुन्हा गप्प झालं होतं. संध्याकाळी कोळ्यांना दादा सापडला.

आता हे पुढचं फक्त वहिनींसाठी.

वहिनी, तुम्ही माझा फोन उचलत नाही. मी दारात आले की आतल्या खोलीत जाता. पण माझ्या पोस्ट वाचता, मला माहीत आहे.

वर्षभर तुम्ही सगळ्यांना सांगताय, "मला पवता येत हुतं. वन्संनी धरलं नसतं तर मी ह्यांना काढलं असतं."

मी तुम्हाला धरलं तेव्हा त्यानं पाण्यातून ओरडून जे सांगितलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही. कारण तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव घेऊन ओरडत होता.

मला ऐकू आलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला सोडू नगं गं!"

त्यानंतर त्यानं हात मारणं थांबवलं नाही. पण परत हाक मारली नाही.

दादा, श्रद्धांजली कशी लिहितात ते मला जमत नाही. तुझा राग येतो रे अजून, फार येतो.

तू सांगितलंस ते केलंय. वहिनी घरी आहेत. माझ्याशी बोलत नाहीत, पण आहेत.

नीट जा.