पाकटाचा काटा आणि दोन कुलुपांचा कप्पा

बोईसरच्या एका लहान दवाखान्यात माझी बायको औषधं सांभाळायची. मी शिक्षक. सकाळची शाळा सुटली की तिचा डबा घेऊन जायचो आणि ती जेवेपर्यंत स्टुलावर पुस्तक वाचत बसायचो. दुखण्याचं सगळं ज्ञान मला तिथेच मिळालं. मुरगळलेला पाय ठणकतो, मूतखडा पिळून काढतो, भाजलेलं चरचरतं. कारखान्यातला कामगार "थोडासा दर्द है" म्हणाला की ती ताट सोडून उठायची. एखादे साहेब "मेलो, मेलो" म्हणत आले तर आधी घास संपवायची.

कपाटातही तशीच उतरंड होती. खाली कोणालाही मिळणाऱ्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या. मध्ये चिठ्ठीशिवाय न द्यायची औषधं. वर दोन कुलुपांचा लोखंडी कप्पा, त्यात अफूच्या जातीची इंजेक्शनं. किल्ल्या तिच्याकडे असत, पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय फिरवायच्या नाहीत. रिकामी कुपीसुद्धा वहीशी जुळवून ठेवावी लागे.

सन ऐंशी उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. एका दुपारी मुरबे गावची मासळी विकणारी मावशी नवऱ्याला रिक्षातून घेऊन आली. पाकट माशाच्या शेपटीचा विषारी काटा त्याच्या पावलात घुसला होता. घामानं निथळत होता, पण तोंडातून आवाज नाही. पाऊल मात्र मासळीच्या टोपलीत, बर्फात व्यवस्थित पुरलेलं. डॉक्टर पालघरला गेलेले.

"बाय, त्या वरच्या कप्प्यातली सुई मार ना गो! माज्या दिराला मारली होती."

"डॉक्टर आल्याशिवाय नाही, मावशी."

"तवर हा मरंल!"

मीही पुस्तक मिटलं. "अगं, उघड ना. मी सांगतो डॉक्टरांना."

"तुम्ही काय सांगणार? धडा?"

तिचं लक्ष टोपलीकडे गेलं. "बर्फ कोणी घातला?"

"मी. सकाळचा ताजा हाय. बरफात काय नासत नाय."

"मावशी, हे पापलेट नाही, नवरा आहे."

तिनं बर्फ काढला. सुया उकळायच्या शेगडीवरचं पाणी बादलीत ओतलं, त्यात गार मिसळलं, आधी स्वतःचा हात घालून बघितला आणि मग त्याचं पाऊल आत सोडलं.

"आता रस्सा करतेस काय त्याचा?" मावशी कडाडली.

काट्याच्या विषाला ऊब सोसत नाही, एवढंच ती म्हणाली. पाणी निवलं की पुन्हा गरम ओतायची. मी घड्याळ बघत होतो आणि मनात तिला निर्दय म्हणत होतो. बऱ्याच वेळानं त्या माणसानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बिडी हाय का?"

डॉक्टरांनी आल्यावर काट्याचा तुकडा काढला. वरचा कप्पा उघडावा लागला नाही. तिनं डावी मूठ सोडली तेव्हा तळहातावर किल्लीचा ठसा उमटलेला दिसला. "अजून पाच मिनिटं तो तसाच गप्प राहिला असता," ती म्हणाली, "तर मी उघडलं असतं."

आठवड्यानं मावशीनं आम्हाला पाकट आणून दिला. "काटा काढलाय, बाय."

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी बायको वारली, त्या दिवशी मावशी आली. आता पुरती म्हातारी. माझे हात धरले. "गुरजी, बरफ झालेत की," म्हणाली आणि आत जाऊन पाणी तापवून आणलं. माझे हात आत घालण्याआधी तिनं स्वतःचा हात घालून बघितला.