शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या लायब्ररीत दर बुधवारी दुपारी जुने सिनेमे दाखवतात. खुर्च्या चाळीस, माणसं जेमतेम नऊ. तरीही एक काका आल्या आल्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरायचे. त्यावरून ते आपल्याकडचे हे कळलं. “अगं आई गं” म्हणत टेकले, तेव्हा मराठी असल्याचीही खात्री पटली. नाव मी कधी विचारलं नाही.

त्या बुधवारी वेस्टर्न होता. एकीकडे शेरीफ आणि त्याचे भाऊ, दुसरीकडे गुरं चोरणारं घराणं. शेवटी सगळे भाऊ बंदुका घेऊन खांद्याला खांदा लावून भर रस्त्यातून निघाले. काकांनी चहात बिस्किट बुडवलं.

“सख्खे भाऊ, आणि एकाच बाजूला,” ते मला म्हणाले. “काहीही दाखवतात.”

दिवे लागल्यावर मी विचारलं, “काका, ही जागा कोणासाठी धरता?”

“धाकट्या भावासाठी. त्याला वेस्टर्न फार आवडतात.”

“येणार होते का?”

“छे. स्लाउला राहतो, ट्रेनने दहा मिनिटं. वडील गेल्यापासून आमचं बोलणं नाही.” त्यांनी रुमाल झटकून घडी घातली. “पण आलाच, तर उभं राहायला नको.”