ताईची फारकत आणि माझी सही

ताईचा घटस्फोट झाला तेव्हा आमच्या घरात सर्वांत उपयोगी माणूस मी ठरलो, कारण मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्यात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. त्यामुळे वकील, बँक, तहसील आणि मोबाइलमधला बिघाड ही सगळी खाती माझ्याकडे. (वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो, हे घरी माहीत नव्हतं.)

कोर्टात जायच्या आधी आमच्या गावी, रोहण्याला, घराच्या ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली. वाटणी झाली. फ्रिज आणि शिलाई मशीन ताईला, भाजी वाहायचा टेम्पो भाऊजींना. टेम्पोचं कर्ज मात्र दोघांनी मिळून काढलेलं.

"गाडी त्याची, त मंग कर्ज बी त्याचंच," बाबा म्हणाले.

"हो, माहंच," भाऊजी म्हणाले.

मी स्टॅम्प पेपरवर लिहिलं, 'सदर वाहनाच्या कर्जाशी यापुढे पत्नीचा कोणताही संबंध राहणार नाही.' 'सदर' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरत होतो. सगळ्यांनी सह्या केल्या, चहा झाला, बाबांनी कागद लॅमिनेट करून आणला. पुढे कोर्टानेही फारकत दिली. मला वाटलं, शिक्षणाचं चीज झालं.

वर्ष गेलं. ताई वर्ध्याजवळ सिंदी मेघेला खोली करून राहू लागली. मिरची-हळद कांडायचं मशीन टाकायचं तिने ठरवलं. एक शेड पाहिली, मालकाला अॅडव्हान्सही दिला. बायका वर्षभराचं तिखट उन्हाळ्यात करून ठेवतात, म्हणजे मशीन उन्हाळ्याआधी लागायला हवं. बँकेने तिचा कर्जाचा अर्ज परत केला. टेम्पोचे हप्ते थकले होते, आणि ते ताईच्याही नावावर थकलेले दिसत होते.

"त्या टेम्पोत मी वर्षापासून पाय नाई ठेवला," ताई म्हणाली, "अन् हप्ते माहे थकले?"

"घाबरू नको," बाबा म्हणाले. "आपल्याजवळ कागद हाय."

टेम्पोला कर्ज देणाऱ्या कंपनीच्या वर्ध्याच्या ऑफिसात बाबांनी तो कागद हुकमाच्या एक्क्यासारखा टेबलावर टाकला. तिथल्या मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला.

"छान लिहिलंय. कोणी?"

"मी," मी जरा लाजत म्हणालो.

"यावर आमची सही कुठे आहे?"

मी कागद उलटून पाहिला. मागे लॅमिनेशन होतं.

"मॅडम, कोर्टाचा बी निकाल हाय," बाबा म्हणाले.

"काका, कोर्टानं या दोघांना एकमेकांपासून मोकळं केलं. आमच्यापासून नाही. पैसे दोघांना दिले, दोघांकडूनच घेऊ. घरात कोण राहते अन् कोण गेलं, ते आम्ही पाहत नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "कॉलेजात हे शिकवत नाई का?"

"पुढच्या सेमिस्टरला आहे," मी म्हणालो. (नव्हतं. मी नंतर पाहिलं.)

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. एक, सगळं कर्ज फेडा. दुसरी, थकलेले हप्ते भरा आणि ताईच्या जागी दुसरा कमावता माणूस आणा. पण त्या अर्जावर भाऊजींचीही सही लागेल. म्हणजे त्यांना बोलवावं लागणार. बाबांनी तर अख्ख्या गावासमोर शपथ घेतली होती की त्या माणसाचं तोंड पाहणार नाही.

फोन मी केला. आठवड्याने भाऊजी कोबी विकून, हप्ते भरून, त्याच टेम्पोने कंपनीच्या ऑफिसात आले. हातात बाबांसाठी वांग्यांची पिशवी. "सवयीनं आणली," म्हणाले. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत पिशवी घेतली.

"भाऊजी, हप्ते काऊन थकवले?" मी विचारलं.

"भाव पडला गजू. मले वाटलं, तरास मलेच होईन. हिले बी लागते, हे मले काय माईत?"

"तुम्हाले कधी काही माईत रायते का?" ताई म्हणाली.

वर्षभरात दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच.

"नवीन माणूस कोण?" मॅडमनी विचारलं.

भाऊजींची आई म्हातारी. त्यांच्या भावाने कालच हात वर केलेले. बाबा कॅलेंडरलाच म्हणाले, "मी? याच्यासंग? मेलो तरी नाई."

"घरात पगाराची स्लिप असलेलं कोणी आहे का?"

मी तेव्हा संध्याकाळी सावंगीला एका औषधाच्या दुकानात बिलं करायचो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाबासुद्धा कॅलेंडर सोडून.

ताई तेवढी खिडकीबाहेर पाहत होती. "राहू दे गजू," ती म्हणाली. "नाई घेत मी मशीन."

ती हे इतक्या सहज म्हणाली की मी पेन मागितला.

मॅडमनी माझी स्लिप बराच वेळ पाहिली. कर्ज थोडंच उरलं होतं, म्हणून चालली. ताई सुटल्याचं पत्र मिळालं. जुन्या थकबाकीचा डाग लगेच जात नाही असं सांगत, आढेवेढे घेत, शेवटी बँकेने तिला कर्ज दिलं. अर्धा उन्हाळा गेला होता, पण मशीन लागलं. आता ताईच्या शेडवरून जाणारा प्रत्येक माणूस शिंकतो आणि ताई खुशीत असते.

मी इकडे हप्त्याची तारीख जवळ आली की भाऊजींना फोन करतो. कोबी कितीला गेला, ऑइल बदललं का, उगाच खर्च तर नाही केला, सगळं विचारतो. मागच्या महिन्यात त्यांनी हप्ता उशिरा भरला, तर रागाने मी दोन दिवस फोन उचलला नाही.

माय कणीक मळता मळता म्हणाली, "तुही ताई बी सुरुवातीले असंच करे."

मी स्टॅम्प पेपरची चौकशी करून ठेवली आहे. या वेळी कंपनीच्या सहीला जागा सोडणार.