वाहता नळ मी बंद केला

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी बंगळूरला एका लॅबमध्ये झाडूपोछा करायचो... वर्षातली चौथी नोकरी. आठवीत शाळा सोडलेल्याला लॅबमध्ये दुसरं काय काम देणार?

एका सकाळी लादी पुसताना बघितलं, टेबलावरच्या काचेच्या नळीतनं पाणी येतंय अन् सरळ बेसिनमध्ये चाललंय. खाली बादली न्हाई, काही न्हाई. उदगीरकडच्या माणसाला हे बघवतंय होय? हात आपोआप गेला. नळ बंद केला अन् मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

तासाभरात जळका वास सुटला. त्या नळीखाली आमच्या लॅबच्या मॅडमचं औषध उकळत होतं. पाण्यानं वाफ थंड होऊन परत खाली पडायची... पाणी थांबलं, वाफ उडून गेली, बुडाला काळं काळं चिकटलं. तीन आठवड्यांची मेहनत गेली.

ते औषध साधं नव्हतं. उजेड पडला की ते कामाला लागतं अन् जंतू मारतं, कुठल्याच गोळीला न जुमानणारे जंतूसुद्धा. कॅन्सरच्या गाठीवर पण असंच औषध लावून उजेड सोडतात म्हणे.

अन् गावाकडं माझ्या आबांच्या पायाची जखम पाच महिने भरत नव्हती. शुगर... त्यात गोळ्या लागू पडेनात. डॉक्टर पाय काढायचं बोलत होते.

सगळे म्हणाले, पाण्याचं प्रेशर गेलं असंल. गप्प बसलो असतो तर सुटलो असतो... पण आबांचा पाय डोळ्यापुढनं हटंना. मॅडम बेळगावच्या, मराठी कळायचं. सांगून टाकलं. नोकरी गेली असंच धरलं होतं.

मॅडमनी ते जळकं बूड बेसिनमध्ये ठेवलं अन् म्हणाल्या, "गावात पाणी किती दिवसांनी येतंय रे?"

"आठ दिवसाला टँकर. भाऊ फोनवर सांगतो, उदगीर नवा जिल्हा होणार, मी म्हणतो आधी टँकर आला का ते सांग."

मॅडम हसल्या न्हाईत, पण ओरडल्या पण न्हाईत. मग मीच धीर केला. "मॅडम, कुलरची मोटर बादलीत सोडा की. तेच पाणी फिरत राहील."

"आणि पाणी तापलं की?"

"बर्फ टाकीन मी. झाडू मारता मारता."

दुसऱ्या दिवशी मोटर आली. महिन्याभरात औषध परत तयार झालं. मॅडमनी बोलावून एक काचेची ताटली दाखवली. त्यात जंतू वाढवून औषध टाकलेलं, अर्ध्या भागावर लाल दिवा सोडलेला, अर्धा काळ्या कागदानं झाकलेला. झाकलेल्या बाजूला ठिपकेच ठिपके... उजेडाची बाजू साफ.

मी विचारलं, आबांना मिळंल का. त्या खोटं बोलल्या न्हाईत. "माणसापर्यंत यायला अजून लई वर्षं आहेत. त्यासाठी आबांचा इलाज थांबवू नको." अन् तिथंच ओळखीच्या सर्जनना फोन लावला.

आबांचा अंगठा गेला, पाय राहिला. आता काठी न घेता चालतात. म्हणतात, "तुझ्या मॅडमचं औषध येऊ दे, कुणाचा अंगठा पण जायचा न्हाई."

मॅडम, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर... आबांनी तुम्हाला जयभीम सांगितलाय.