अक्कांची बाभळीची खुंटी

इंदापूरहून येणाऱ्या मोटारीचा ड्रायव्हर एरवी बारामतीत माझ्या सायकलच्या दुकानासमोर हॉर्न वाजवायचा, अक्कांचा निरोप ओरडून सांगायचा आणि पुढे जायचा. त्या दिवशी तो खाली उतरला. तो उतरला तेव्हाच मला काय ते कळलं... अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. आता महिना होत आला. भेटायला येणारा जो तो म्हणतो, बाई फार सोशिक होती हो. साफ खोटं! अक्का एक दिवसही सोशिक नव्हत्या, आणि गेल्यावर त्यांना सोशिक करून टाकायचा अधिकार कुणालाही नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

इंदापूरच्या बाजारात त्यांचं चहाचं हॉटेल. भजी तळायचे त्यांचे यजमान तात्या, आणि बोलायचं काम सगळं अक्कांकडे. वालचंदनगरची वसाहत तेव्हा नुकती उभी राहत होती. सुटीच्या दिवशी तिकडची माणसं बाजाराला येत. त्यांनी हॉटेलात टेकावं म्हणून अक्कांनी मुंबईच्या एका फिरत्या एजंटाकडून खिळ्यांचा खेळ विकत घेतला. उतरती फळी, तिच्यावर खिळे ठोकलेले, वर काच. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की गोटी वर उडायची आणि खिळ्यांना थडकत आकड्यांच्या एखाद्या भोकात पडायची. पण काच स्क्रूंनी आवळलेली आणि त्यावर लाखेचं सील. काही बिघडलं तर एजंटानंच उघडायचं, आणि एजंट उगवायचा त्याच्या सवडीनं. एका बाजाराच्या दिवशी गोटी दोन खिळ्यांमध्ये अडकली, गिऱ्हाइकं हसायला लागली. अक्कांनी भज्यांचं उलथनं घेतलं आणि सील उडवलं. तात्या "अगं, अगं" म्हणेपर्यंत त्याच उलथन्यानं स्क्रू फिरवून काचसुद्धा काढली होती.

गोटी सुटली. पण तेवढ्यावर थांबतील त्या अक्का कसल्या! दांडा कुरकुरतोय म्हणून कढईशेजारचं करडईचं तेल त्यांनी त्यात ओतलं. आधी दांडा लोण्यासारखा चालला. मग तेल आटलं, डिंकासारखं चिकटलं आणि स्प्रिंग पार बसली. जत्रा तोंडावर आली होती. नेमका तेव्हा एजंट आला, आणि मीही तिथंच होतो.

"सील तोडलंत ना बाई? मग भोगा आता," तो म्हणाला. "मी दुरुस्त करून देतो, पण सील पुन्हा लावणार. ते नको असेल तर यापुढे स्प्रिंग, गोट्या, काच... माझ्याकडून काही मिळणार नाही."

"लावू दे की सील," तात्या हळूच म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही तेच शहाणपणाचं वाटलं.

अक्का पदर खोचून उभ्या राहिल्या. "त्याल म्याच घातलं. चुकलं माझं, हितं समद्यांसमोर सांगते. पर वस्तू माझी हाय. बिघडवीन न्हायतर नीट करीन. सील न्हाय लावायचं!"

एजंट गेला तो पुन्हा आला नाही. अक्का माझ्याकडं वळल्या. "पाव्हणं, तुमच्या दुकानात स्प्रिंगा असत्यात न्हवं?"

मग आम्ही ते सगळं यंत्रच नव्यानं बसवलं. सायकलच्या सीटची स्प्रिंग, सोड्याच्या फुटक्या बाटल्यांतल्या गोट्या... बाजारात मिळत नाही ते आत घालायचंच नाही, हा अक्कांचा हुकूम. स्क्रू सगळे फेकले. काच खाचेत सरकवली आणि बैलाच्या मानेशी जुवात अडकवतात त्या शिवळेसारखी एकच बाभळीची खुंटी तिला अडसर म्हणून लावली. खुंटी ओढली की काच बाहेर, आणि खिळ्यांची फळी ताटासारखी उचलता यायची. पायही तसेच खुंट्यांवर, म्हणजे सुटे करून बैलगाडीत घालता येतील.

"अक्का, असं तर कुणीबी उघडंल," मी म्हणालो.

"मग उघडू दे की! उघडल्याबिगर कळायचं कसं?"

जत्रेत एकदा गोटी अडकलीच. अक्कांनी खुंटी ओढली, पदरानं फळी झटकली आणि पुन्हा बसवली. खेळणाऱ्याची विडीसुद्धा विझली नव्हती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की शेजारच्या अनोळखी माणसाला मी सांगून टाकलं, ही माझी मेव्हणी.

परवा इंदापूरला गेलो. हॉटेल बंद, खेळ कोपऱ्यात. काचेवर आडवी फळी आणि तिला चारी बाजूंनी खिळे ठोकलेले.

"तिनं सोडलेली शेवटची गोटी हाय आत," तात्या म्हणाले. "तशीच ऱ्हाऊ दे, पाव्हणं."

मला संताप आला. "तात्या, ह्यालाच सील म्हणत्यात न्हवं का?" मी भिंतीवरचं उलथनं काढलं आणि एकेक खिळा उपटला. खुंटी ओढली, काच सरकली. खिळ्यांवरची धूळ पुसली. दांडा ओढून पाहिला तर जड झालेला. मी चुलीजवळच्या तेलाच्या बाटलीकडं हात नेला...

"त्ये नगं! करडईचं हाय त्ये!"

जन्मभर "अगं, अगं"च्या पुढं न गेलेले तात्या ओरडले होते. त्यांनी मांडणीवरून माझ्याच दुकानातली सायकलच्या तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली, आणि डोळे पुसून स्वतःच दांडा ओढायला बसले.